कुळाची वही आणि कर्करोग

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त संग्रामपूर येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखादी संस्था पन्नास वर्षांची होते तेव्हा ती जुन्या वह्या उघडून पाहते. पहिली देणगी कोणाची, पहिली सभा कोणाच्या ओसरीवर झाली, कोणत्या वर्षी दुष्काळ होता आणि तरीही काम थांबले नाही, हे सारे त्या वह्यांत असते. जैन समाजाला वही लिहिण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. दुकानाचा रोजमेळ लिहिला जातो, तसेच घराण्याचे गोत्र, मूळ गाव, या मुलखात प्रथम कोण आले, त्यांना मुलगे किती, हेही सांगितले जाते. लग्न जुळवताना ही माहिती काढली जाते आणि गोत्रांची पडताळणी काटेकोरपणे होते.

या कुळाच्या वहीत मात्र दोन रकाने बहुधा कोरे राहतात. कोण कोणत्या आजाराने गेले, हा पहिला. दुसरा रकाना लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या मुलींचा; त्यांचे पुढे काय झाले, त्यांच्या लेकीबाळींचे काय झाले, याची नोंद माहेरच्या वंशावळीत सापडत नाही. या दोन कोऱ्या रकान्यांमुळे काही घरांतील माणसे अकाली जातात, आणि ते रकाने भरले तर त्यांतील काहींचे प्राण वाचू शकतात. कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास आणि त्यासंबंधीचे जनुकीय समुपदेशन हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

कर्करोग हा शब्द घरात उच्चारला जात नाही. ‘मोठा आजार’, ‘ती गाठ’, ‘पोटाचा विकार’ असे बोलले जाते. पन्नाशीत गेलेल्या आजीविषयी विचारले तर ‘पोटात पाणी झाले होते’ एवढेच उत्तर मिळते. पोटात पाणी होण्याची कारणे अनेक आहेत. यकृताच्या विकाराने होते, क्षयाने होते, आणि स्त्रियांमध्ये अंडाशयाच्या कर्करोगानेही होते. आजी नेमकी कशाने गेली हे तिच्या नातीला कळणे आवश्यक असते. पण तेराव्याच्या आतच दवाखान्याची फाईल रद्दीत जाते, आणि तिच्याबरोबर नातीच्या उपयोगाची माहितीही जाते.

येथे एक गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे, नाहीतर हे व्याख्यान ऐकून विनाकारण भीती उत्पन्न होईल. बहुतेक कर्करोग आनुवंशिक नसतात. सर्व कर्करुग्णांपैकी साधारण 5 ते 10 टक्के रुग्णांमध्येच आईवडिलांकडून आलेला जनुकातील एखादा ठळक दोष रोगाच्या मुळाशी असतो. उरलेल्यांमध्ये वाढते वय, तंबाखू, मद्य, काही विषाणू, स्थूलता आणि निव्वळ योगायोग अशी कारणे असतात. कापडाच्या व्यवहारातील उदाहरण घेतले तर हा फरक लवकर ध्यानात येतो. ताग्यावर कोठे तेलाचा डाग पडला तर तेवढाच तुकडा खराब होतो. पण मागावर ताण्याचा एखादा धागाच सदोष लागला असेल तर ती रेघ संपूर्ण ताग्यात उतरते आणि त्या ताग्यातून फाडलेल्या अनेक कापडांवर दिसते. बहुतेक कर्करोग हे डागासारखे आहेत. थोडे धाग्याच्या दोषासारखे. अनुभवी माणूस ताग्याची घडी उलगडून पुढेमागे पाहतो, तेव्हाच दोष कोणता ते सांगतो. समुपदेशकही एका रुग्णावरून निष्कर्ष काढीत नाही; तो कुटुंब उलगडून पाहतो.

एकाच घरात दोघांना रोग झाला म्हणजे तो रक्तातूनच आला, असेही समजू नये. संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांतील लोकांना हे वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाच्या विकारांनी किती घरे खचली, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. दोघे सख्खे भाऊ एकाच विकाराने आजारी पडले तर त्यांचे रक्त एक असते, तसेच त्यांचे पिण्याचे पाणीही एकच असते. कर्करोगाचेही तसेच आहे. बाप आणि मुलगा दोघेही तंबाखू खात असतील आणि दोघांनाही तोंडाचा कर्करोग झाला असेल, तर तेथे जनुकापेक्षा तंबाखूच्या पुडीकडे बोट दाखवणे योग्य. समान रक्त आणि समान राहणी यांची गल्लत न करता दोहोंची वेगवेगळी नोंद घेणे, हे या शास्त्राचे पहिले काम आहे.

हे ज्ञान ज्या मार्गाने आले तो मार्गही बोधप्रद आहे. 1866 मध्ये पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यविशारदाने आपल्या पत्नीच्या घराण्यातील स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या स्तनाच्या कर्करोगाची नोंद प्रसिद्ध केली. 1895 मध्ये अमेरिकेतील ॲन आर्बर येथे शिवणकाम करून पोट भरणाऱ्या एका स्त्रीने ऑल्ड्रेड वॉर्थिन या विकृतिशास्त्रज्ञाला सांगितले की, तिच्या घराण्यातील बहुतेक माणसे आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने जातात आणि तीही तशीच जाणार. तिचे भाकीत खरे ठरले. ती गर्भाशयाच्या कर्करोगानेच गेली. वॉर्थिनने तिचे बोलणे हसण्यावारी नेले नाही. त्याने त्या घराण्याची वंशावळ लिहून काढली आणि 1913 मध्ये प्रसिद्ध केली. पुढे हेन्री लिंच या वैद्याने त्याच घराण्याचा मागोवा घेतला. आज लिंच सिंड्रोम या नावाने ओळखला जाणारा आनुवंशिक विकार त्यातूनच जगाला कळला, आणि कालांतराने त्या घराण्यातील सदोष जनुकही सापडले. या साऱ्याच्या प्रारंभी एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने आपल्या घरातील मृत्यूंविषयी दिलेली माहिती होती.

महाराष्ट्राने या क्षेत्रात मागे राहून पाहिले असे नाही. पुण्यात 8 नोव्हेंबर 1917 रोजी जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले आणि 1949 मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. स्तनाच्या कर्करोगास कमीअधिक प्रमाणात बळी पडणाऱ्या उंदरांच्या निरनिराळ्या वंशांचा तौलनिक अभ्यास त्यांनी केला. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांच्या संबंधाकडे लक्ष वेधणाऱ्या आरंभीच्या शास्त्रज्ञांमध्ये त्यांची गणना होते. देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनीच उभारली. 1982 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ज्या संस्थेत त्यांनी काम केले ती पुढे टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झाली आणि आज नवी मुंबईतील खारघर येथे ॲक्ट्रेक या नावाने ओळखली जाते.

टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या मुळाशीही एका घरातील दुःखच आहे. लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढल्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या न्यासाने 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळ येथे हे रुग्णालय सुरू केले. आज त्याच टाटा मेमोरियल सेंटरमध्ये आनुवंशिक कर्करोगासाठी स्वतंत्र विभाग आहे आणि तेथे कुटुंबांचे समुपदेशन होते. एका घरातील दुःख समाजाच्या उपयोगी कसे पडते, याचे याहून मोठे उदाहरण न्यास चालविणाऱ्यांना दुसरे सापडणार नाही.

जनुकांचा प्रत्यक्ष शोध त्यानंतरचा. 1990 मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवून दिले की काही घराण्यांतील स्तनाच्या कर्करोगाचे मूळ सतराव्या गुणसूत्रावर आहे. 1994 मध्ये ते जनुक हाती आले. त्याला बीआरसीए-1 म्हणतात. लगोलग तेराव्या गुणसूत्रावरील बीआरसीए-2 सापडले. ही जनुके मुळात वाईट नाहीत, उलट ती रक्षक आहेत. पेशीतील तुटलेल्या डीएनएची दुरुस्ती करणे हे त्यांचे काम. प्रत्येक माणसाजवळ अशा जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. त्यांतील एक प्रत जन्मतःच निकामी असली की दुसऱ्या प्रतीवर सारा भार येतो, आणि एखाद्या पेशीत तीही बिघडली की कर्करोगाला वाट मिळते.

असा दोष असलेल्या स्त्रियांमध्ये धोका किती, याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेले मोठे अध्ययन आहे. ते मुख्यत्वे पाश्चात्त्य कुटुंबांवर झाले, हे लक्षात ठेवून त्यातील आकडे पाहावेत. वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता बीआरसीए-1 दोषात सुमारे 72 टक्के आणि बीआरसीए-2 दोषात सुमारे 69 टक्के आढळली. अंडाशयाच्या कर्करोगाची अनुक्रमे सुमारे 44 व 17 टक्के. म्हणजे धोका मोठा आहे, पण दोष असलेल्या प्रत्येकीला रोग होतोच असे नाही. दोष म्हणजे रोग नव्हे, हे वाक्य प्रत्येक घराने ध्यानात ठेवावे.

आता समुपदेशन म्हणजे काय ते पाहू. 1947 मध्ये शेल्डन रीड या अमेरिकन शास्त्रज्ञाने हा शब्द रूढ केला. महाराष्ट्रात ‘जनुकीय समुपदेशन’ म्हटले की अनेकांना सोनोग्राफी केंद्राबाहेरील गर्भलिंगनिदानविरोधी फलक आठवतो. तेही साहजिक आहे. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा पहिला कायदा 1988 मध्ये याच राज्याने केला आणि 1994 च्या केंद्रीय कायद्यातही जनुकीय समुपदेशन केंद्रांचा उल्लेख आला. येथे ज्या समुपदेशनाचा विचार चालला आहे त्याचा गर्भलिंगाशी काही संबंध नाही. प्रशिक्षित समुपदेशक किंवा तज्ज्ञ डॉक्टर कुटुंबाशी सविस्तर बोलतो, तीन पिढ्यांची वंशावळ काढतो, तपासणीची गरज आहे की नाही हे सांगतो, तपासणीतून काय कळेल व काय कळणार नाही हे आधीच समजावतो, आणि निर्णय त्या व्यक्तीवर सोडतो.

त्याची वंशावळ काढण्याची रीत साधी आहे. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, रोग झालेल्याचे चिन्ह भरीव, निवर्तलेल्यावर तिरकी रेघ. या वंशावळीत मुलगी आणि मुलगा यांना सारखीच जागा असते. आत्या, मावशी, मामा, काका, आजोबांच्या बहिणी, सारे तिच्यात येतात. कारण सदोष जनुक आडनाव पाहून चालत नाही. ते आईकडून येते तसेच वडिलांकडूनही येते. ‘स्तनाचा कर्करोग आत्याला झाला, तो वडिलांकडचा, त्याचा मुलीशी काय संबंध?’ हा समज सर्वत्र आढळतो आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे.

उदाहरणादाखल एक कल्पित कुटुंब डोळ्यांसमोर आणू. समजा, या तालुक्यात एका भावाचे दुकान आहे. त्याची धाकटी बहीण मलकापूरला दिलेली. तिला बेचाळिसाव्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला. चौकशी करता कळले की त्यांच्या वडिलांची बहीण, म्हणजे त्यांची आत्या, मूर्तिजापूरला होती आणि पन्नाशीत ‘पोटात पाणी होऊन’ गेली. वडील स्वतः ऐंशी वर्षे निरोगी जगले. भावाची मुलगी बावीस वर्षांची आहे आणि तिच्यासाठी स्थळे पाहणे चालू आहे. घरात एकच चर्चा आहे की, बहिणीच्या आजाराची वाच्यता होता कामा नये.

समुपदेशक ही वंशावळ काढतो तेव्हा निरोगी राहिलेले आजोबाच दोषाचे वाहक असावेत, अशी शंका त्याला येते. तो मुलीची तपासणी करीत नाही. जिला रोग झाला आहे तिची, म्हणजे मलकापूरच्या बहिणीची, तपासणी तो प्रथम करावयास सांगतो. थोडे रक्त किंवा लाळ त्यासाठी पुरते. समजा, तिच्यात बीआरसीए-1 चा दोष निघाला. आता भावात तो असण्याची शक्यता निम्मी. आणि त्याची तपासणी होईपर्यंत मुलीत असण्याची शक्यता चतुर्थांश. भावाची तपासणी सोपी असते, कारण नेमका कोणता दोष शोधावयाचा हे आता ठाऊक आहे, आणि त्यामुळे खर्चही कमी येतो. भावात दोष नसेल, तर त्या बाजूने मुलीला तो येऊच शकत नाही. तिचा धोका इतर सर्वसाधारण स्त्रियांइतका राहतो. जी गोष्ट घर लपवीत होते तीच उघड केल्याने मुलगी भीतीतून मुक्त झाली. भावात दोष निघाला, तर मुलीत तो असण्याची शक्यता निम्मी राहते आणि सज्ञान मुलगी समुपदेशनानंतर स्वतः ठरवते की आपण तपासणी करावी की नाही, आणि केव्हा करावी. प्रौढपणी होणाऱ्या कर्करोगांसाठी अज्ञान बालकांची तपासणी सहसा करीत नाहीत, ती याच कारणाने: तो अधिकार त्या मुलाचा किंवा मुलीचा आहे, आईबापांचा नव्हे.

तपासणीचे उत्तर नेहमी ‘आहे’ किंवा ‘नाही’ असेच येत नाही. तिसरे एक उत्तर असते: जनुकात बदल दिसतो, पण तो हानिकारक की निरुपद्रवी हे आज सांगता येत नाही. भारतीय समाजांचा अभ्यास पाश्चात्त्यांच्या मानाने कमी झाल्यामुळे असे उत्तर येथे अधिक वेळा येते. स्याद्वादाचे संस्कार असलेल्या श्रोत्यांना हे वेगळे समजवावे लागू नये. अशा अनिश्चित उत्तरावर विसंबून शस्त्रक्रिया करू नये. कौटुंबिक इतिहासावरून काळजी घ्यावी आणि ठरावीक काळाने पुन्हा विचारणा करावी. आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. कुटुंबात दोष ठाऊक नसताना एखाद्या निरोगी व्यक्तीचे उत्तर ‘नाही’ आले, तर त्याने संपूर्ण निर्धास्त होता येत नाही, कारण दोष अन्य जनुकात असू शकतो. म्हणूनच तपासणी रुग्णापासून सुरू करावी, असा आग्रह असतो. केवळ जाहिरात पाहून, समुपदेशनाशिवाय, नमुना पाठवून अहवाल मागविणे हितावह नाही.

दोष सापडला तर करावयाचे काय? पुष्कळ काही करता येते. बीआरसीए दोष असलेल्या स्त्रियांना साधारण पंचविशीपासून स्तनांची एमआरआय तपासणी व पुढे मॅमोग्राफी दरवर्षी करण्याचा सल्ला दिला जातो. अंडाशयाच्या कर्करोगासाठी खात्रीची लवकर तपासणी उपलब्ध नाही. म्हणून मुले झाल्यावर, बीआरसीए-1 मध्ये पस्तीस ते चाळीस या वयात, अंडाशय व बीजवाहिन्या काढून टाकण्याचा विचार करावयास सांगतात. लिंच सिंड्रोममध्ये वीस-पंचवीस वर्षांपासून दर एक-दोन वर्षांनी मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी होते आणि कर्करोग होण्यापूर्वीच तेथील कोंब काढून टाकता येतात. रुग्णालाही लाभ होतो. बीआरसीए दोष असलेल्या रुग्णांना ओलापॅरिबसारखी औषधे विशेष उपयोगी पडतात. 2013 मध्ये अँजेलिना जोली या अभिनेत्रीने स्वतःमध्ये बीआरसीए-1 चा दोष असल्याचे आणि त्यामुळे दोन्ही स्तन काढून टाकल्याचे जाहीर केले. तिची आई छप्पन्नाव्या वर्षी कर्करोगाने गेली होती. त्या एका निवेदनानंतर अनेक देशांत तपासणीसाठी येणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढली. प्रत्येकीने तोच मार्ग स्वीकारावा असे नाही. केवळ नियमित तपासणी हाही सन्मान्य मार्ग आहे.

आता समाजात ऐकू येणाऱ्या शंकांकडे वळू.

पहिली शंका अशी की, घरात मद्य-मांस नाही, तंबाखू नाही, रात्रिभोजन नाही, मग या घरात कर्करोग आला कसा? निर्व्यसनी शाकाहारी जीवनाचे आरोग्यासाठी मोठे मोल आहे आणि तंबाखूपासून दूर राहिल्याने कितीतरी कर्करोग टळतात. परंतु जन्मतः आलेला जनुकदोष आहारनियमांनी पुसला जात नाही. त्यामुळे आजारी पडलेल्या भगिनीच्या आचरणात काही उणे होते, असा तर्क करणे हा तिच्यावर दुहेरी अन्याय आहे.

दुसरी शंका कर्माची. ‘कर्मात असेल ते चुकत नाही, तपासणी कशाला?’ असे सहज म्हटले जाते. जैन विचारात कार्य घडण्यास काल, स्वभाव, नियती, कर्म आणि पुरुषार्थ असे पाच समवाय सांगितले आहेत. पाचांपैकी एकालाच धरून बसणे हा एकान्त होय. दुकानाला आग लागली असता कर्म म्हणून कोणी स्वस्थ बसत नाही. पाण्याची बादली घेऊन धावतो. ज्या रोगाची चाहूल वीस वर्षे आधी लागू शकते, त्याविषयी पुरुषार्थ न करणे याला धर्माचा आधार नाही.

तिसरी शंका विवाहाची, आणि हीच सर्वांत खरी. मुलीचे लग्न मोडेल, ही भीती निराधार म्हणता येत नाही. पण विचार करावा. असा दोष मुलग्यांतही तितक्याच प्रमाणात असतो आणि पुरुषांनाही त्यापासून स्तनाचा, प्रोस्टेटचा, स्वादुपिंडाचा कर्करोग होऊ शकतो. तरी संशयाने पाहिले जाते ते केवळ मुलीकडे. शिवाय ज्या घराने आजार लपविला त्या घरातील सून चाळिशीत अंथरुणाला खिळते, तेव्हा दोन घरे उद्ध्वस्त होतात आणि लहान मुले आईवाचून राहतात. समुपदेशनातील माहिती गोपनीय असते. ती कोणाला सांगावयाची हे त्या व्यक्तीने ठरवावयाचे. ती चव्हाट्यावर मांडावी असे कोणीच म्हणत नाही. पण सख्ख्या भावाबहिणींपासून ती लपवू नये, कारण ती त्यांच्याही जिवाची गोष्ट आहे. आणि समाजाने एवढे करावे की, जे घर तपासणी करते ते सावध घर आहे असे मानावे. त्याला सदोष म्हणू नये.

चौथी शंका पैशाची आणि विम्याची. तपासणीचा खर्च पूर्वीच्या मानाने पुष्कळ उतरला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 13 जून 2013 रोजी निसर्गतः असलेल्या जनुकावर मालकी हक्क सांगता येणार नाही असा निर्णय दिला, त्याचाही याला हातभार लागला. भारतात विमा नियामक प्राधिकरणाने मार्च 2018 मध्ये विमा कंपन्यांना, जनुकीय विकार वगळण्याच्या कलमावरून आरोग्य विम्याचे दावे नाकारू नयेत, असे सांगितले. मात्र जनुकीय माहितीवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध स्वतंत्र कायदा देशात नाही. म्हणून तपासणीपूर्वी या बाजूचाही विचार समुपदेशकाशी बोलून करावा. विम्याच्या अर्जात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र खरेच द्यावे.

समुपदेशनाचा सल्ला कोणी घ्यावा? घरात पन्नाशीच्या आत स्तनाचा कर्करोग झाला असेल. एकाच व्यक्तीला दोन्ही स्तनांचा किंवा दोन निरनिराळे कर्करोग झाले असतील. कोणत्याही वयात अंडाशयाचा कर्करोग झाला असेल. पुरुषाला स्तनाचा कर्करोग झाला असेल. पन्नाशीच्या आत मोठ्या आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झाला असेल. आईकडील किंवा वडिलांकडील एकाच बाजूला दोन-तीन नातलगांना असे कर्करोग झाले असतील. किंवा लहान बालकाच्या डोळ्याच्या पडद्यावर कर्करोगाची गाठ आली असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ‘जनुकीय समुपदेशनाची गरज आहे का?’ एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा. अकोला, अमरावती वा नागपूर, जेथे उपचार चालू असतील तेथे हा प्रश्न विचारता येतो. पुढे मुंबईला जावे लागलेच तर शेगावहून थेट गाडी आहे. पहिले बोलणे दूरध्वनीवरून किंवा व्हिडिओवरूनही होऊ शकते. पण कोठेही जाताना हातात कागद हवा. बायोप्सीचा अहवाल, शस्त्रक्रियेचा गोषवारा, निदान झाले त्या वेळचे वय, एवढे तरी जपून ठेवावे. रुग्ण निवर्तला तरी फाईल टाकून देऊ नये. घरात दागिन्यांची पावती जपली जाते. ही फाईल त्याहून मोलाची आहे.

जैन परंपरेत आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे चार प्रकारचे दान श्रेष्ठ मानले आहे. ट्रस्टने पन्नास वर्षांत त्यांपैकी पुष्कळ केले. सुवर्णमहोत्सवी वर्षात ज्ञान आणि अभय या दोहोंना एकत्र आणणारे एक छोटे काम हाती घेण्यासारखे आहे. प्रत्येक घराला एक साधी वही द्यावी. तिच्यात तीन पिढ्यांची नावे, मुलींसह, सुनांच्या माहेरांसह लिहावीत; प्रत्येकापुढे आजार, निदानाचे वय आणि मृत्यूचे वय लिहावे. ही वही ट्रस्टच्या कपाटात ठेवू नये. ती त्या घरातच, घरच्या कुलुपात राहावी. ट्रस्टने केवळ लिहिण्यास साहाय्य करावे, आणि ज्या घराला पुढे जावयाचे असेल त्याच्यासोबत नागपूर-मुंबईपर्यंत एक जाणता माणूस द्यावा. यास इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही.

पर्युषणात आणि दशलक्षणात वडीलधारी मंडळी एकत्र येतात, सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात. ती वेळ या कामासाठी उत्तम. आजीजवळ बसून विचारावे, ‘आजी, तुझी बहीण कशाने गेली? तिचे वय काय होते? तिच्या मुली कोठे आहेत?’ आजी प्रथम सांगणार नाही. मग हळूहळू सांगेल, आणि कदाचित डोळे पुसेल, कारण इतकी वर्षे तिला हे कोणी विचारलेच नव्हते. ते लिहून घ्यावे. तिच्या त्या आठवणीवर तिची नात चाळिशी, पन्नाशी आणि सत्तरीही पाहील.